ठिकऱ्या जुळवणारा माणूस: १८६० च्या दशकातल्या म्युझियममध्ये पडद्यामागे काय चालायचं

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ५५ क्रमांकाच्या दालनात मातीची एक तुटकी पाटी ठेवलेली आहे. साधारण १५ सेंटिमीटर लांब, १३ सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटर जाड. तळहातावर मावेल एवढीच. ओल्या चिखलावर चिमण्या नाचून गेल्या आणि तो तसाच वाळला, असं काहीसं तिचं रूप आहे. म्युझियमच्या नोंदीत तिचा क्रमांक 'के. ३३७५'. गिल्गमेश या प्राचीन मेसोपोटेमियातल्या राजाच्या महाकाव्यातली महापुराची कथा तिच्यावर कोरलेली आहे: देवांनी पाठवलेला पूर, त्यातून तगलेली नौका, जमीन शोधायला सोडलेले पक्षी.

ही पाटी जॉर्ज स्मिथ नावाच्या कर्मचाऱ्याने १८७२ साली वाचली, आणि तो दिवस इतिहासात नोंदला गेला. या माणसाबद्दल जिथे जिथे लिहिलं जातं तिथे त्या एका दिवसाचीच गोष्ट सांगितली जाते. मला मात्र त्या आधीची दहा-अकरा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. या काळात हा माणूस रोज काय करत होता, कशावर बसून, कुठल्या उजेडात, कुठली युक्ती वापरून, हे कळलं तरच ती पाटी त्याच्याच हाती का लागली ते कळतं. म्हणून हा लेख त्या रोजच्या कामाबद्दल आहे.

स्मिथचा जन्म १८४० चा, लंडनमधल्या चेल्सी भागातला. घरची परिस्थिती साधी. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो एका छापखान्यात उमेदवारीला लागला. काम होतं नोटांसाठी धातूच्या पत्र्यावर बारीक कोरीवकाम करण्याचं. नोटेवरची नक्षी मुद्दाम अशी काढतात की नक्कल करणाऱ्याला ती जमू नये. एखादी रेघ केसाएवढी जाड झाली, एखादं वळण जरा चुकलं, तर पत्रा वाया. दिवसभर हे काम करणाऱ्याची नजर कशी तयार होत असेल, याचा विचार करून बघा. दोन रेघा सारख्या आहेत की जवळपास सारख्या, हे त्याला मोजल्याशिवाय दिसत असणार.

या मुलाला असिरियाच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या एका प्राचीन साम्राज्याच्या, पुराणवस्तूंचं वेड लागलं. जेवणाच्या सुट्टीत तो छापखान्यातून निघून चालत म्युझियम गाठायचा आणि असिरियन दालनात उभा राहायचा. जवळचे पैसे पुस्तकांत जायचे. रोज येणारा हा पोरगा तिथल्या लोकांच्या नजरेत भरला. पौर्वात्य विभागाचे प्रमुख सॅम्युअल बर्च यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं, आणि १८६१ च्या सुमारास त्याला संध्याकाळी साठवणीतल्या मातीच्या तुकड्यांची साफसफाई आणि वर्गवारी करायचं काम मिळालं. विद्यापीठ नाही, लॅटिन-ग्रीकचं शिक्षण नाही, वशिला नाही. म्युझियममध्ये त्याचा शिरकाव झाला तो डागडुजी करणारा म्हणून.

आता हे तुकडे कसले आणि एवढे आले कुठून, ते बघू. आजच्या इराकमध्ये मोसुल शहरासमोर, तैग्रिस नदीपलीकडे, कुयुंजिक नावाचं टेकाड आहे. त्याच्या पोटात असिरियाची राजधानी निनेव्हे गाडली गेली होती. ऑस्टिन हेन्री लेयार्ड यांनी १८४९ ते १८५१ या काळात तिथे खोदलं, तेव्हा राजवाड्याच्या काही खोल्यांत जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत नुसत्या लिहिलेल्या मातीच्या पाट्यांचा खच सापडला. नंतर १८५३ मध्ये मोसुलचेच होर्मुझ्द रस्साम यांना त्याच टेकाडावर दुसरा राजवाडा लागला आणि तिथेही तसाच साठा निघाला. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात होऊन गेलेल्या असुरबनिपाल राजाचा हा ग्रंथसंग्रह. राजाने देशभरातून ग्रंथ गोळा करवून त्यांच्या नकला करून घेतल्या होत्या.

इसवी सनपूर्व ६१२ मध्ये निनेव्हे पडलं, जाळलं गेलं. कागद किंवा कातडं असतं तर राख झाली असती. इथे उलटं झालं. आगीने बऱ्याच पाट्या विटेसारख्या भाजून निघाल्या आणि टिकल्या. पण इमारत कोसळताना त्यांचे तुकडे झाले. पुढची अडीच हजार वर्षं पावसाचं पाणी जमिनीत मुरत राहिलं, मातीतले क्षार फटींमध्ये शिरले, तिथे त्यांचे स्फटिक वाढले आणि त्यांनी तुकड्यांचे आणखी तुकडे केले. लंडनला पोचलेल्या पेट्यांतून निघालं ते असं: वीस हजारांहून जास्त ठिकऱ्या, काही तळहाताएवढ्या, बऱ्याचशा नखाएवढ्या. कुठला तुकडा कुठल्या खोलीतला, कुठल्या राजवाड्यातला, याची धड नोंद नाही. दोन्ही राजवाड्यांचा माल एकमेकांत मिसळलेला.

या मालाच्या प्रवासात आपली मुंबईसुद्धा येते. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता. त्यामुळे लेयार्ड यांच्या आधीच्या, निमरूद या दुसऱ्या असिरियन शहराच्या उत्खननातल्या पेट्या तैग्रिसवरून तराफ्यांनी बसऱ्याला, तिथून जहाजाने मुंबईला आणि मग आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला गेल्या. १८४८ च्या सुमारास मुंबईच्या गोदीत त्यांतल्या काही पेट्या परवानगी नसताना उघडल्या गेल्या. आतल्या वस्तू लोकांनी बघितल्या आणि पेट्या परत भरताना नीट भरल्या नाहीत. लेयार्ड यांना त्याचा फार संताप आला होता. सुप्रसिद्ध 'काळा स्तंभ' याच मार्गाने गेला. तो लक्षात ठेवा, स्मिथच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आजही असिरियन राजवाड्यांतले शिल्पपट्ट आहेत. ज्यांना लंडनला जाणं शक्य नाही त्यांनी निदान त्यांच्यासमोर पाच मिनिटं उभं राहावं.

तर स्मिथच्या टेबलावर काय होतं? मातीने माखलेल्या ठिकऱ्यांचे ढीग, मऊ ब्रश आणि खिडकी. खिडकीचं महत्त्व फार. आगीच्या भीतीने म्युझियमने इमारतीत गॅसचे दिवे येऊ दिले नव्हते, आणि विजेचा दिवा वाचनालयात आला तोच मुळी १८७९ मध्ये. बहुतेक सगळं काम दिवसाच्या उजेडावर. लंडनचा हिवाळा म्हणजे दुपारी चारला अंधार आणि त्यात कोळशाच्या धुराने पिवळं पडलेलं धुकं. असं धुकं दाटलं की काम थांबायचं. आणि ही लिपी मुळात सावलीवर वाचायची असते! पाटीवर शाई नसते. ओल्या मातीत बोरूचं टोक दाबून उमटवलेले खळगे असतात. प्रकाश समोरून पडला तर खळगे सपाट दिसतात, काहीच वाचता येत नाही. प्रकाश एका बाजूने, तिरपा पडला की प्रत्येक खळग्याच्या कडेला सावली धरते आणि अक्षर उठून येतं. म्हणून वाचणारा पाटी हातात धरून सारखी कलती करत राहतो. एक ओळ डावीकडून उजेड घेऊन बघायची, तीच ओळ वरून उजेड घेऊन पुन्हा बघायची. नोटेच्या पत्र्यावरचं कोरीवकामही असंच, पत्रा फिरवत फिरवत तपासतात. स्मिथच्या हाताला ही सवय आधीपासून होती.

पहिलं काम साफसफाई. हे ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होऊ शकतं. भाजलेली पाटी टणक असते, न भाजलेली ओल लागली की विरघळते. वर चिकटलेली माती आणि खालची पाटी, दोन्ही मातीच. कुठे थांबायचं हे बोटांना कळावं लागतं. चुन्यासारखं घट्ट पुट चढलं असेल तर ते ब्रशने निघत नाही. अशा अवघड वस्तूंसाठी म्युझियमकडे रॉबर्ट रेडी नावाचा कारागीर होता. जुन्या मोहरांचे ठसे घेणं, विजेच्या प्रक्रियेने नाण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती बनवणं, तुटलेलं सांधणं यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्मिथ वाचणारा आणि रेडी साफ करणारा. रेडीचं नाव आज फारसं कोणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात त्याच्या हातांवाचून पान हलत नव्हतं.

दुसरं काम वर्गवारी. इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे मुद्दा लवकर समजेल. आमच्या माळ्यावर आजोबांच्या पोथ्यांचं एक गाठोडं होतं. गाठ सुटून सगळी सुटी पानं एकत्र झालेली. मी आणि माझी आत्या ती लावायला बसलो, तेव्हा आधी वाचायला सुरुवातच केली नाही. आधी कागदाचा रंग बघून गठ्ठे केले, मग अक्षराचं वळण बघून, मग ओळी किती आणि समास केवढा हे बघून. मजकूर सगळ्यात शेवटी. आत्या म्हणाली, "अरे, पोथीचं शेवटचं पान आधी शोध, त्यावर सगळं लिहिलेलं असतं." पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: ग्रंथाचं नाव, अध्याय कितवा, कोणी लिहिली, कधी पूर्ण झाली.

असुरबनिपालच्या ग्रंथसंग्रहातल्या पाट्यांवरही अगदी अशीच पुष्पिका आहे. पाटीच्या शेवटी रेघ ओढून लिहिलेलं असतं की ही अमुक ग्रंथाची इतकी-इतकवी पाटी, ही असुरबनिपाल राजाच्या वाड्यातली. शिवाय पुढच्या पाटीची पहिली ओळसुद्धा तिथे दिलेली असते, म्हणजे ग्रंथपालाला क्रम लावताना अडचण नको. नखाएवढ्या तुकड्यावर त्या पुष्पिकेतले दोन शब्द जरी शिल्लक असले तरी स्मिथला धागा मिळायचा. महापुराची पाटी ही बारा पाट्यांच्या मालिकेतली अकरावी, हे कळलं ते याच वाटेने.

बाकी खुणा पोथीसारख्याच. मातीचा रंग पिवळट, तांबूस की काळपट. जाडी. कडेचा बाक, कारण या पाट्या पूर्ण सपाट नसतात. एक बाजू थोडी फुगीर असते, त्यावरून तुकडा मधला की काठावरचा हे ओळखता येतं. अक्षरं केवढी, ओळी किती दाट, रकाने किती. मोठ्या ग्रंथाच्या पाटीवर पुढे तीन आणि मागे तीन असे सहा रकाने असतात. म्हणजे एखाद्या ठिकरीवर दोन रकान्यांमधली उभी रेघ दिसली की ती ठिकरी मोठ्या पाटीची, पत्रासारख्या छोट्या पाटीची नव्हे.

स्मिथने सगळ्या साठ्याचे विषयवार विभाग पाडले. राजांच्या मोहिमा एकीकडे, शब्दकोश आणि व्याकरण एकीकडे, पुराणकथा एकीकडे. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. पण विभाग पाडायचे तर प्रत्येक ठिकरी निदान चार शब्द वाचावी लागते, आणि अशा हजारो ठिकऱ्या वाचणारा माणूस त्या काळी जगात दुसरा क्वचितच असेल. मोठे पंडित निवडक, धडधाकट लेख वाचायचे. हा कचरा वाचत होता. काही वर्षांत त्या सगळ्या साठ्याचा नकाशा त्याच्या डोक्यात तयार झाला: अमुक ओळीचा उरलेला भाग मी कुठल्यातरी खणात बघितलाय.

तिसरं काम जोड लावण्याचं. दोन तुकडे एकाच पाटीचे आहेत हे ओळखून ते जुळवणं याला या क्षेत्रात जोड म्हणतात, आणि आजही नवा जोड सापडला की ती बातमी असते. नुसत्या कडा जुळून भागत नाही, कारण तुटलेल्या कडा झिजतात, त्यांचे कपचे उडतात. ओळी एका पातळीत आल्या पाहिजेत, अर्धं तुटलेलं अक्षर दुसऱ्या तुकड्यावर पूर्ण झालं पाहिजे, आणि वाक्याला अर्थ लागला पाहिजे. तिन्ही जमलं तर जोड. दोनच जमले तर मनाला कितीही मोह झाला तरी तुकडे वेगळे ठेवायचे.

जोड मिळालाच नाही तर? मग दुसरी युक्ती. राजाने एकाच ग्रंथाच्या अनेक नकला करून घेतल्या होत्या. एका प्रतीत जिथे भोक आहे तिथला मजकूर दुसऱ्या प्रतीत शाबूत असू शकतो. म्हणजे एकाच आरतीची तीन फाटकी पुस्तकं तुमच्याकडे असली, तर तिन्ही मिळून एक अख्खी आरती निघू शकते, पुस्तक मात्र एकही अख्खं होत नाही. महापुराच्या कथेच्या बाबतीत स्मिथने नेमकं हेच केलं. पहिल्या पाटीवर अडलं तिथे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीचे तुकडे हुडकत गेला आणि ओळी भरत गेला.

आता लिपीबद्दल थोडं, कारण 'वाचणं' हा शब्द मी फार सहज वापरतोय. या लिपीला आपण कीलाकार म्हणतो, कारण तिचा प्रत्येक फराटा खिळ्यासारखा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळता. देवनागरीत 'क' म्हणजे 'क'च. इथे तसं नाही. एकच चिन्ह कधी अख्खा शब्द असतं, कधी नुसता उच्चार. चांदणीसारखं एक चिन्ह आहे. ते कुठे 'आकाश' म्हणून वाचायचं, कुठे 'देव' म्हणून, कुठे नुसता 'अन्' असा ध्वनी म्हणून. देवाच्या नावाआधी तेच चिन्ह येतं तेव्हा ते उच्चारायचंच नसतं, पुढे देवाचं नाव आहे एवढंच ते सांगतं. शिवाय शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. मोडी कागद ज्यांनी वाचलेत त्यांना ही अडचण ओळखीची वाटेल: शब्द कुठे तोडायचा हे अर्थ लागल्याशिवाय कळत नाही, आणि अर्थ शब्द तोडल्याशिवाय लागत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण स्मिथच्याच कामातलं. त्या महाकाव्याच्या नायकाचं नाव त्याने 'इझ्दुबार' असं वाचलं. चिन्हं बरोबर ओळखली होती, पण प्रत्येक चिन्हाच्या अनेक उच्चारांपैकी इथे कुठला, हे ठरवायला त्याच्याकडे पुरावा नव्हता. ते त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, नाव तात्पुरतं आहे असं नोंदवलं. ते नाव 'गिल्गमेश' आहे हे १८९० मध्ये थिओफिलस पिंचेस यांनी सिद्ध केलं, तेव्हा स्मिथला जाऊन १४ वर्षं झाली होती. म्हणजे गिल्गमेशची कथा जगाला देणाऱ्याने 'गिल्गमेश' हा शब्द कधी उच्चारलाच नाही.

स्मिथ ही भाषा शिकला कुठे, हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर पुन्हा त्या मागच्या खोल्यांत आहे. हेन्री रॉलिन्सन हे कीलाकार लिपी उलगडणाऱ्यांपैकी एक मोठं नाव. ते १८२७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात रुजू झाले होते आणि तिथून पुढे इराणला गेले. लंडनला परतल्यावर म्युझियममध्ये त्यांची कामाची खोली होती. तिथे शिलालेखांचे कागदी ठसे पडलेले असायचे. ठसा म्हणजे ओला कागद कोरीव अक्षरांवर ठेवून ब्रशने ठोकायचा, वाळला की सोलून काढायचा. अक्षरं कागदावर उठलेली मिळतात. स्मिथने हे ठसे आणि पेट्यांतले तुकडे समोर ठेवून स्वतःला शिकवलं.

१८६६ मध्ये त्याचा पहिला शोध लागला. मघाचा काळा स्तंभ आठवतो? त्यावर इस्रायलचा राजा येहू असिरियाच्या शाल्मनेसेर राजाला खंडणी देतोय असं चित्र आणि त्याखाली मजकूर आहे, पण खंडणीचं वर्ष त्या मजकुरात नाही. स्मिथला दुसऱ्या एका तुटक्या लेखात ते सापडलं: शाल्मनेसेरच्या कारकिर्दीचं अठरावं वर्ष. मुंबईच्या गोदीतून गेलेल्या दगडाला लंडनच्या खोलीत तारीख मिळाली. रॉलिन्सन यांनी विश्वस्तांकडे त्याची शिफारस केली आणि १८६७ मध्ये तो असिरियन संग्रहावर साहाय्यक म्हणून कायम झाला. वय २७. रॉलिन्सन यांच्या लेखसंग्रहाच्या खंडांसाठी तो आता हजारो अक्षरांच्या नकला काढू लागला. नोटांच्या कोरीवकामाचा हात इथेही उपयोगी पडला, कारण खिळ्याचं टोक जरा चुकीच्या बाजूला गेलं तर अक्षर बदलतं.

एवढं सगळं माहीत झालं की १८७२ चा तो दिवस वेगळा दिसतो. स्मिथ पुराणकथांचा विभाग चाळत होता. अर्धी मोडलेली, मुळात सहा रकान्यांची एक पाटी हाती आली. तिसरा आणि चौथा रकाना जवळपास शाबूत, दुसरा आणि पाचवा अर्धवट, पहिला आणि सहावा गायब. तिसऱ्या रकान्यावरून नजर फिरवताना त्याला एक वाक्य दिसलं: नौका निझिर पर्वतावर टेकली. पुढे कबुतर सोडल्याचं, त्याला बसायला जागा न मिळाल्याने ते परत आल्याचं वर्णन. बायबलमधली नोहाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला आणखी काही सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे मनू आणि माशाची कथा जशी मनात असते तशीच.

पण पाटीच्या काही भागावर चुन्यासारखं पांढरं पुट होतं, आणि रेडी नेमका गावाला गेलेला. पुढे याच विभागात काम केलेल्या वॉलिस बज यांनी ही हकीकत सांगितली आहे. स्मिथचा जीव वरखाली होत होता, पण पाटीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, म्हणून तो थांबला. रेडी आल्यावर पुट निघालं, स्मिथने ओळी वाचल्या आणि तो खोलीभर धावत सुटला, इतका भान हरपून की अंगातले कपडे काढायला लागला, असं बज सांगतात. बज त्या खोलीत तेव्हा नव्हते आणि त्यांनी हे लिहिलं ते पन्नासएक वर्षांनी. मला त्यातला कपड्यांपेक्षा थांबण्याचा भाग जास्त पटतो. इतकं मोठं काही समोर असताना स्वतः नखाने खरवडायचं नाही, ज्याचं काम त्याला करू द्यायचं, ही दहा वर्षांची शिस्त होती.

३ डिसेंबर १८७२ रोजी त्याने हा शोध जाहीर सभेत वाचला. पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत बसले होते. 'डेली टेलिग्राफ' या वृत्तपत्राने गहाळ भाग शोधायला हजार गिनी देऊ केल्या. हा पुढाकार घेणारे एडविन अर्नोल्ड हे त्याआधी काही वर्षं पुण्यात, पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. म्युझियमने स्मिथला रजा दिली. तोवर त्याने आयुष्यभर ज्या गावच्या ठिकऱ्या जुळवल्या ते गाव बघितलेलंच नव्हतं.

मे १८७३ मध्ये त्याने कुयुंजिकवर खोदायला सुरुवात केली, तीही बरीचशी आधीच्या लोकांनी उकरून टाकलेल्या राडारोड्यात. आठवड्याभरातच, १४ मेच्या संध्याकाळी, तो दिवसभरात निघालेले तुकडे घेऊन बसला आणि एकेकावरची माती ब्रशने झाडू लागला. लंडनच्या टेबलावर दहा वर्षं जे केलं तेच. एका तुकड्यावर महापुराच्या कथेच्या सतरा ओळी निघाल्या आणि कथेत जिथे मोठं भगदाड होतं तिथे त्या बसल्या. वृत्तपत्राने काम फत्ते झालं म्हणून मोहीम आटोपती घेतली. त्याला मात्र अजून खोदायचं होतं.

पुढे कळलं की तो तुकडा त्या पाटीचा नव्हताच. तो महापुराच्याच, पण वेगळ्या आणि जुन्या काव्याचा, अत्रहसीसच्या कथेचा भाग होता. कथा तीच, म्हणून अर्थ जुळला होता. जगातल्या सगळ्यात अनुभवी नजरेलाही जोड असा फसवतो. त्यात स्मिथचं अपयश मला दिसत नाही, कारण त्या दुसऱ्या काव्याची ओळखच तोवर नीट कोणाला नव्हती, आणि त्या काव्याचा एक मोलाचा तुकडा त्याच्यामुळेच हाती आला.

त्यानंतर म्युझियमने त्याला दुसऱ्यांदा पाठवलं. तिसऱ्या खेपेला, १८७६ मध्ये, सगळंच बिनसलं. परवानगीत महिने गेले, प्रदेशात रोगाची साथ होती, उन्हाळा अंगावर आला. खोदायला मिळालंच नाही. बगदादमध्ये त्याने व्यापाऱ्यांकडून पाट्या विकत घेतल्या आणि परतीची वाट धरली. वाटेत आमांशाने त्याला गाठलं. १९ ऑगस्ट १८७६ रोजी अलेप्पोत तो गेला. वय ३६, घरी बायको मेरी आणि लहान मुलं. सरकारने पुढे कुटुंबाला वर्षाला १५० पौंड निवृत्तिवेतन दिलं.

त्याची शेवटची टिपणवही शिल्लक आहे. अखेरच्या पानांवर तो लिहितो की प्रकृती बरी नाही, डॉक्टर आला असता तर वाचलो असतो. माझ्या टिपणांतून आणि वस्तूंतून मलाच काम करायचं होतं, आता ती सगळ्या अभ्यासकांना खुली करावीत. मग तो नोंद करतो, टेबलावर बसल्यासारखी: ट्रंकेत पाट्या आणि तुकडे मिळून सुमारे ३५, त्यांतले वीसेक मोलाचे, काही एकमेव. फार प्राचीन अशा ब्राँझच्या दोन मूर्ती आहेत. त्या माझ्या लांब बुटांत ठेवल्या आहेत.